तेलानं तोंड धुताना: करडई, एरंडेल आणि पंचाचं फडकं

दिवाळीत पहाटे अंगाला तेल चोळून वर उटणं लावणाऱ्या माणसाला तेलानं तोंड स्वच्छ होतं हे पटवून द्यावं लागू नये. पण लागतं. नरक चतुर्दशीला जे अभ्यंगस्नान, तेच एरवी कुणी सुचवलं की लगेच "अगं बाई, पुळ्या उठतील ना!" मीही हेच म्हणायचे. त्यात थोडं खरंही आहे, आणि माझं स्वतःचं कपाळ त्याची साक्ष देऊन बसलंय.

झालं असं, की एका वैशाखात कुठला तरी व्हिडिओ बघून मी रात्री तोंडाला खोबरेल तेल चोळलं, टॉवेलनं वरवर पुसलं आणि झोपले. असं पंधरा-वीस दिवस केलं. कपाळावर बारीक बारीक पुटकुळ्या आल्या, इतक्या की हात फिरवला तर रवाळ लागावं. माहेरी औशाकडं गेले तेव्हा आत्यानं बघितलं आणि विचारलं, "तेल लावलंस, मग पीठ कुठंय?" मी म्हटलं, पीठ नाही लावत. तर म्हणाली, "तेल लावून ठिवायचं नसतंय पोरी, काढायचं असतंय."

मी केलेल्या चुका पुढं ओघानं येतीलच. पण सगळ्यात मोठी चूक आत्यानं एका वाक्यात सांगितली. कुठलं तेल, किती थेंब, यावर आपण तासभर बोलतो, आणि ते काढायचं कसं याकडं कुणी बघत नाही.

तेलानं मळ निघतो कसा

कातडीतून जो तेलकटपणा झिरपतो त्याला सीबम म्हणतात. त्यात मेद, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालीन नावाचा घटक असतो. दिवसभरात त्यावर धूळ, गाड्यांचा धूर, सनस्क्रीन, काजळ, पावडर बसते. यातलं बरंचसं नुसत्या पाण्यानं हलत नाही, तेलात मात्र सुटतं. सायकलची चेन बसवताना हाताला लागलेलं काळं ग्रीस आपण तेल चोळूनच काढतो की नाही? तेच इथं.

साबणही मळ काढतो, चांगला काढतो. पण अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ९ ते १०. कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५. म्हणून साबणानं धुतल्यावर तोंड ओढल्यासारखं होतं. त्यात आपल्याकडचं पाणी. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. बादलीच्या काठाला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तो त्याचाच. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होतो आणि तो कातडीवर बसून राहतो. मग तोंड धुऊनही धुतल्यासारखं वाटत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. सौम्य फेसवॉश हा साबण नसतो, जड पाण्यातही तो बरा चालतो. तुमचं तोंड त्यानं नीट राहत असेल तर बदलायची काही गरज नाही. ज्यांना साबणानं कोरडं पडायला होतं, रोज सनस्क्रीन किंवा काजळ काढावं लागतं, किंवा पाणीच मोजून वापरावं लागतं, त्यांनी हे करून बघावं. पाण्याचं मुद्दाम लिहिलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस काढलेल्या घरात आजही नळ सोडून तोंड धुतलं की कुणीतरी ओरडतंच. या पद्धतीत अडीच-तीन तांब्यांत काम भागतं.

याच्या वाटेला कुणाकुणानं जाऊ नये

तोंडावर पू भरलेले, दुखरे मुरूम असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांकडं जा. भुवयांत, नाकाच्या बाजूला कोंड्यासारखे पापुद्रे निघत असतील, किंवा कपाळावर एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, तरी थांबा. कातडीवर राहणारी मॅलासेझिया नावाची एक बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते, अशा तोंडाला तेल म्हणजे तिला जेवण. गजकर्ण, नायटा असेल तर चोळणं आणि फडकं दोन्ही वर्ज्य, एका जागेचा नायटा फडक्याबरोबर दुसरीकडं जातो.

आणि एक जरा नाजूक गोष्ट. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून, पार्लरमधून मिळाली म्हणून, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून गोरं करणारी क्रीम वर्षानुवर्षं लावणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ओळखीत आहेत. त्यातल्या पुष्कळ क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. ती एकदम बंद करून तेलावर आलात तर तोंड लाल होईल, आग होईल, पुळ्या उठतील, आणि दोष तेलाच्या माथी जाईल. ती क्रीम कशी सोडायची हे डॉक्टरांनाच विचारा. तेल थांबेल.

वांग तेलानं जात नाही. रंग उजळत नाही. हे धुणं आहे, औषध नाही.

तेल कुठलं घ्यायचं

इथं जरा रेंगाळते, कारण आपल्या भागाला या बाबतीत कुठं बघायला जायची गरज नाही. करडई आपलं पीक. ज्वारीच्या कडेनं करडईची पट्टी असायची, काट्यांमुळं जनावरं आत शिरत नसत. काढणी भल्या पहाटे, दवानं काटे मऊ असतात तेव्हा, हातापायाला फडकी गुंडाळून. याच काट्यांनी आणि मजुरीनं कंटाळून लोक सोयाबीन-हरभऱ्याकडं वळले, तरी परभणीच्या कृषी विद्यापीठानं (स्थापना १९७२) 'परभणी कुसुम'सारखे करडईचे वाण दिलेत आणि घाण्यावर करडईचं तेल अजून मिळतं.

तोंडासाठी मी तेच सांगते. करडईच्या तेलात साधारण ७० ते ७५ टक्के लिनोलिक आम्ल असतं. त्यामुळं ते पातळ आणि हलकं लागतं. मुरूम येणाऱ्यांच्या सीबममध्ये हेच लिनोलिक कमी आढळतं. याचा अर्थ करडई लावली की मुरूम जातील असा नाही, पण जड तेलापेक्षा हे बरं, एवढा अर्थ नक्की निघतो. सूर्यफुलाचं तेलही साधारण याच जातीचं. घरात रिफाइंड सूर्यफूल असेल तर पहिले आठ दिवस त्यावर काढले तरी चालतील. घाण्याचंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. रिफाइंडला वास नसतो आणि ते जास्त टिकतं. घाण्याचं तेल मला आवडतं ते त्याच्या वासासाठी, ही माझी आवड झाली.

तिळाचं तेल कोरड्या कातडीला चांगलं, हिवाळ्यात विशेष. शेंगदाण्याचंही चालतं, पण ते जडसर, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यानं घरातल्या दुसऱ्याच्या तोंडालाही ते लावू देऊ नये. खोबरेल केसांना द्या. त्यातलं निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, बऱ्याच जणांच्या तोंडावर त्यानं छिद्रं बुजतात, आणि २४ अंशांच्या खाली ते गोठतं ते वेगळंच. चटणीत जवस ठीक, पण त्याचं तेल बाटलीत फार लवकर खवट होतं. मोहरी, करंज, कडुनिंब ही तेलं तोंडाला आग करू शकतात. ऑलिव्ह महाग आहे म्हणून चांगलं असेल असं धरून चालू नका, त्यात ओलेइक आम्ल जास्त असतं आणि नाजूक कातडीला ते मानवत नाही.

याला जोड एरंडेलाची. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. ते इतकं घट्ट आणि चिकट असतं की नुसतं लावलं तर हात सरकत नाही, पण दुसऱ्या तेलात थोडं घातलं की मळ धरून ठेवतं. मेडिकलमधलं बाटलीबंद आणा. जुन्या बायका घरी एरंडाच्या बिया भाजून-कुटून तेल काढायच्या. ते करू नका. बीमध्ये रिसिन नावाचं जबर विष असतं, ते तेलात उतरत नाही पण चोथ्यात राहतं.

घाण्यावरून तेल आणताना दोन गोष्टी बघा. आजच काढलेलं असेल तर ते गढूळ असतं. दोन-तीन दिवस हलवू नका, गाळ खाली बसला की वरचं नितळ तेल ओतून घ्या. आणि वास घ्या. खवट, म्हणजे आपल्या बोलीत खौट, वास असेल तर ते फोडणीलाही नको आणि तोंडालाही नको. लिटरभर आणू नका. पाव लिटर पुष्कळ झालं, उरलं तर भाजीत जाईल.

मिश्रण

मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण घ्या, त्यावर ५ आणि १० मिलीच्या खुणा असतात. स्वच्छ धुऊन कोरडं करा, आत पाण्याचा थेंब नको.

सर्वसाधारण तोंडाला ४० मिली करडई आणि १० मिली एरंडेल. तेलकट असेल तर ३५ आणि १५. कोरडं असेल तर ४५ मिली तीळ किंवा करडई आणि ५ मिली एरंडेल. एरंडेल जास्त झालं तर कातडी कोरडी पडते. तेल असून कोरडं कसं करतं हे मलाही पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं होतं. ५० मिली एका माणसाला रोज वापरून वीसेक दिवस पुरतं. सुगंधासाठी लिंबाचा रस, कापूर, अत्तर, बाजारातलं कुठलंही सुवासिक तेल घालू नका. हळदही नको, फडकं पिवळं होईल आणि तोंडही.

तोंडाला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावा आणि २४ ते ४८ तास बघा. खाज, लाली नसेल तर पुढचे तीन-चार दिवस फक्त एका बाजूच्या जबड्याच्या कडेला, खाली सांगितल्याप्रमाणे लावून काढा. मी हे टाळलं होतं. उरलेली गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

रोजची कृती

वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची. दिवसातून एकदाच. सकाळी साध्या पाण्यानं तोंड धुणं पुरतं.

१. केस मागं बांधा, लेन्स असतील तर काढा, हात साबणानं धुऊन पुसा. बाहेरून आला असाल आणि तोंडावर घाम असेल तर आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या. तोंड कोरडं पाहिजे. ओल्या तोंडावर तेल नुसतं घसरतं, मळाला धरत नाही.

२. तळहातावर अर्धा लहान चमचा तेल घ्या. दोन्ही तळहात एकमेकांवर घासा, तेल कोमट होऊ द्या. गॅसवर गरम करायची गरज नाही, मे महिन्यात तर बाटलीच कोमट असते.

३. बोटांच्या टोकांनी, गोल गोल, हलक्या हातानं लावा. आधी गाल, मग हनुवटी, शेवटी नाक आणि कपाळ. मिनीट ते दीड मिनीट, बस. नाकाच्या कडेला बोटाखाली बारीक कणकण लागेल. व्हिडिओत सांगतात ती छिद्रांतली आतली घाण असतेच असं नाही, बहुतेकदा ती मेलेली कातडी आणि तेलाच्या वळ्या असतात. ती निघेपर्यंत चोळत बसू नका. काजळ असेल तर डोळे मिटून पापणीवरून एकच बोट फिरवा. एरंडेल डोळ्यात गेलं तर तासभर धूसर दिसतं.

४. आता महत्त्वाचं. मऊ पडलेल्या पंचाचा किंवा जुन्या सुती साडीचा वीतभर चौकोन कोमट पाण्यात बुडवून पिळून घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच. बंबातलं कढत पाणी नाही. फडकं तोंडावर पसरून पंधरा-वीस आकडे मोजा, तेल सैल होतं. मग दाबत, टिपत पुसा. घासू नका. फडकं पुन्हा विसळा, पुन्हा करा. दोन-तीन वेळा. कानाजवळ, केसांच्या रेषेपाशी आणि जबड्याखाली हमखास तेल राहतं, आणि पुळ्याही तिथंच येतात.

५. पीठ. आत्याची पायरी. हरभरा डाळीचं पीठ वस्त्रगाळ करून ठेवा, दळणातलं जसंच्या तसं खरखरीत लागतं. एक चमचा पीठ पाण्यात दह्याइतकं सैल करा, तोंडावर हलकंच फिरवा, लगेच धुवा. वाळू द्यायचं नाही, वाळलेलं पीठ खरवडून काढताना कातडी सोलवटते. उरलेलं तेल पीठ शोषून घेतं, आणि बोअरच्या पाण्यात त्याचा साका होत नाही. तेलकट तोंडाला ही पायरी रोज. कोरड्या तोंडाला आठवड्यातून एक-दोनदा, एरवी नुसतं फडकं. भिजवलेलं पीठ उद्यासाठी ठेवू नका. बाजारच्या उटण्यात आंबेहळद, कापूरकाचरी असते, ते वर्षातून चार वेळा छान, रोजच्याला नको.

६. शेवटी तोंड टिपून घ्या आणि गालाला हात लावून बघा. मऊ लागलं पाहिजे, बोट सरकलं नाही पाहिजे. बोट सरकतंय म्हणजे तेल शिल्लक आहे, चौथी पायरी पुन्हा करा. ओढतंय असं वाटलं तर उलट, ओलसर तोंडावर याच तेलाचा एक थेंब दाबून लावा.

बाथरूममध्ये तेल सांडलं की फरशी निसरडी होते, घरात म्हातारी माणसं असतील तर मोरीत खाली बसूनच करा. हा सल्ला विनोदी वाटला तरी माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याला तो वाटत नाही.

पहिला महिना

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड करा. नेटवर ठिकठिकाणी वाचाल की सुरुवातीला पुळ्या येणारच, आतली घाण बाहेर पडतेय, धीर धरा. मला हे पटत नाही. धुण्यानं आतून काही बाहेर पडत नसतं. एखादी पुळी येणं वेगळं, ती आधीच तयार होत आलेली असते, कारण मुरूम वर दिसायला काही आठवडे लागतात. पण दोन आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त उठायला लागलं, खाज सुटली, लाली आली, तर बंद करा. आधी तेल नीट निघतंय का ते तपासा. निघत असेल तरी त्रास होतोय तर एरंडेल सोडून नुसत्या करडईवर या. तरीही तेच, तर हे तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. त्रास नसेल तर चार-सहा आठवडे बघा आणि मग ठरवा.

तेलांना शून्य ते पाच असे छिद्रं बुजवण्याचे आकडे देणारे तक्ते फिरत असतात. ते आकडे मुळात बरेचसे सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांतून आलेत. तक्ता बघा, पण शेवटचा शब्द तुमच्या हनुवटीचा.

मुरमांवर डॉक्टरांचं रात्रीचं मलम चालू असेल तर कातडी आधीच हळवी झालेली असते. फडक्याचं पुसणं तिला सोसत नाही, विचारूनच करा. पुरुषांनी दाढी केल्या दिवशी करू नये, वाढलेल्या दाढीला मात्र हे तेल उत्तम, फक्त दाढीतून ते पिठानं नीट काढावं लागतं.

ऊन, पाऊस, थंडी

चैत्र-वैशाखात पारा ४२ च्या वर असतो, स्कूटीवर सनकोट आणि स्कार्फ बांधून आलेल्या मुलीचं तोंड आधीच घामानं निथळत असतं. तेव्हा तेल निम्मं करा, पीठ रोज वापरा, आणि तो स्कार्फही रोज धुवा. चार दिवसांचा स्कार्फ तोंडाला बांधून तेलाला दोष देणाऱ्या मी पाहिल्यात. दिवसा तेल लावून उन्हात जाऊ नका. तेल म्हणजे सनस्क्रीन नव्हे, आणि सुगीत मळणीचा भुसा त्यावर असा बसतो की विचारू नका. पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा पुरे. हिवाळ्यात परभणीकडं पारा १० च्या खाली जातो तेव्हा तिळाचं तेल काढा, पीठ कमी करा.

फडकी आणि बाटली

फडकी सहा-सात ठेवा, रोज एक, आणि प्रत्येकाची वेगळी. वापरलेलं फडकं गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा, मग साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडं कमी नाही. तेलकट फडक्यांचा बोळा करून पिशवीत कोंबून ठेवू नका. करडईचं तेल हवेत हळूहळू सुकून चिकट थर धरतं, म्हणूनच ते रंगांतही वापरतात. तसं फडकं पिवळं, ताठ होतं आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही. ते मग स्कूटी पुसायला द्या.

बाटली लहान, गडद रंगाच्या काचेची घ्या आणि शेगडीपासून लांब, अंधाऱ्या कपाटात ठेवा. ओल्या हातानं उघडू नका. मिश्रण दोन महिन्यांत संपवा. संपल्यावर बाटली धुऊन, पूर्ण वाळवून मगच नवं भरा. तळाच्या जुन्या तेलावर नवं ओतलं की नवंही लवकर खौट होतं.